क्योतोत खाल्लेली वाम

जेवायला येताना काय काय करू नये याची यादी आधी पाठवणारी जागा मी पहिल्यांदाच पाहिली. अत्तर लावू नका. वेळेवर या, उशीर चालणार नाही आणि फार लवकर येऊन दारात उभंही राहू नका. लहान मूल आणू नका. काय खात नाही ते आत्ताच कळवा, आयत्या वेळी सांगितलंत तर काही बदलता येणार नाही. आणि सगळ्यात खाली, अत्यंत नम्र भाषेत: त्याच दिवशी रद्द केलंत तर पूर्ण पैसे द्यावे लागतील. लेकीने हे सगळं मराठीत वाचून दाखवल्यावर हे म्हणाले, "आमंत्रण आहे की कोर्टाचं समन्स?"

निमित्त यांच्या एकसष्टीचं. हॉल, केटरर, एकसष्ट दिव्यांनी ओवाळणं वगैरे यांना नको होतं, आणि लेक ओसाकाला असल्यामुळे तिचा आग्रह तिकडेच या असा. तिने भेट म्हणून क्योतोतल्या एका काइसेकीच्या जागी रात्रीच्या तीन खुर्च्या धरून ठेवल्या. काइसेकी म्हणजे मोसमाप्रमाणे ठरलेलं, एकामागून एक येणाऱ्या लहान लहान पदार्थांचं जेवण. मेनूकार्ड नसतं. तुम्ही बसता, ते वाढतात. गिओन भागातली एक अरुंद गल्ली, बाहेर बोर्ड नाही, फक्त एक पडदा. आत एक लांब लाकडी काउंटर, आठ खुर्च्या, पलीकडे शेफ आणि दोन मदतनीस. नाव लिहीत नाही. आठ खुर्च्यांच्या जागेची जाहिरात करून कुणाचंच भलं होत नाही.

जावई पक्के शाकाहारी आणि नात चार वर्षांची, त्यामुळे ते दोघं आपोआपच बाद. शाकाहारी वाचकांसाठी इथेच सांगून टाकते: अशा जेवणात "मासे तेवढे काढून द्या" म्हणून भागत नाही. भाजी ज्या पाण्यात शिजते ते पाणीच सुक्या माशाचं असतं. काही ठिकाणी आधी कळवलं तर वेगळं करतात, बरेच जण सरळ नाही म्हणतात, आणि नाही म्हणणारे मला जास्त प्रामाणिक वाटतात. त्यापेक्षा देवळातलं शोजिन जेवण घ्यावं. त्यात मासा नसतोच. पाणी कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीचं आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांचं. आराशियामाला तेन्र्यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु म्हणून जागा आहे, तिथे जावयांना वेगळं नेलं आणि ते खूश झाले. कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या सासूबाई असत्या तर त्याही पोटभर जेवल्या असत्या.

क्योतोचा जुलै सोसायला कठीण. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये शहर, वाऱ्याचा पत्ता नाही. ठाण्यात मे महिन्यातही संध्याकाळी खाडीकडून काहीतरी येतं, इथे तेही नाही. पण जुलैतच जायचं हे लेकीने मुद्दाम ठरवलं होतं, कारण हा पूर्ण महिना गिओनच्या उत्सवाचा. ८६९ साली साथीचे रोग टळावेत म्हणून सुरू झालेला हा उत्सव, आणि १७ तारखेला रथांची मोठी मिरवणूक. आम्ही गेलो त्या संध्याकाळी शिजो रस्त्याच्या आसपास रथ नुकतेच उभे राहिले होते. दहा-बारा टनांचे लाकडी रथ, आणि सांगाडा जोडायला खिळा नाही. सगळं भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आवळलेलं. हे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. एका रथाखाली वाकून दोरांचे वेढे बघत बसले. समन्सची वेळ टळायला आली तेव्हा लेकीने दंडाला धरून ओढून आणलं.

दारासमोरच्या फरशीवर नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं. आत गार. कोनाड्यात अक्षरं लिहिलेला एक उभा पट आणि त्याखाली बांबूच्या टोपलीत एकच फूल, पांढरं, मधोमध लाल. जवळून बघितलं तर जास्वंदीच्याच घराण्यातलं. तिकडे त्याला चहाच्या परंपरेतले एक गुरू सेन सोतान यांचं नाव आहे. एका दिवसाचं फूल. आम्ही बसलो तेव्हा कडा वळायला लागल्या होत्या. बदललं नव्हतं. मला ते बरं वाटलं.

आमच्या शेजारी एक जपानी आजी-आजोबा, पलीकडे एक जोडपं, टोकाला एक तरुण. त्याने पहिल्या पदार्थापासून शेवटच्या पदार्थापर्यंत फोन खाली ठेवला नाही. बाकी शांतता. इतकी की यांनी खुर्ची ओढली तो आवाजही सगळ्यांनी ऐकला. ही शांतता सुरुवातीला मला जड गेली. आपल्याकडे जेवायला बसल्यावर कुणी बोललं नाही तर समजायचं घरात काहीतरी बिनसलंय.

पहिला पदार्थ थंडगार काचेच्या वाटीत: जुनसाई. तळ्यात वाढणाऱ्या एका पाणवनस्पतीचे कोवळे, गुंडाळलेले कोंब, भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण, वर आंबटसर पाणी. मला नाही आवडलं. घशाखाली सरकतं आणि मागे चव म्हणून काही ठेवत नाही. लेक म्हणाली, "आई, याची मजा चवीत नाही, स्पर्शात आहे." असेल. भेंडी कुरकुरीत करूनच खाणाऱ्यांतली मी.

मग हास्सुन. आठ सून (सून हे जपानी माप) लांबी-रुंदीचं, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटरचं चौकोनी लाकडी ताट, आणि त्यावर मोसमाचा मांडलेला पसारा. सुकलेल्या फळाच्या केशरी टरफलाचा कंदील, आत दोन घास. हिरव्या सोयाबीनच्या चार शेंगा. बांबूच्या पानात निमुळती गुंडाळलेली ताई माशाची सुशी. ही शेवटची उत्सवाची खूण. रथांपाशी अशाच आकाराच्या पानांच्या जुड्या विकायला होत्या, चिमाकी म्हणतात. त्या खायच्या नसतात. वर्षभर दारावर टांगायच्या, घरात रोगराई शिरू नये म्हणून. आत काहीच नसतं, नुसतं गवत नि पान. इथे ताटात तीच जुडी, पण आत भात आणि मासा.

काकडी मात्र कुठेच नव्हती. एवढ्या उन्हाळ्याच्या जेवणात काकडी कशी नाही, असं मी लेकीला विचारलं, तिने शेफला. गिओनचं देऊळ म्हणजे यासाका. काकडीची आडवी चकती कापली की त्या देवळाच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून उत्सवाचा महिनाभर इथली जुनी मंडळी काकडीला सुरी लावत नाहीत. चातुर्मासात वांगं सोडणाऱ्या घरातली मी. मला हे एका वाक्यात पटलं. यांनी विचारलं, "परदेशी गिऱ्हाइकांनाही नाही?" शेफने हसून मान हलवली. नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या पदार्थाच्या आधी शेफने आमच्यासमोरच्या पाटावर एक मासा आणून ठेवला. लांबलचक, उघडलेला, डोकं आणि मधला काटा काढलेला, कातडी खाली, मांस वर. डोकं नव्हतं तरी ओळखायला वेळ लागला नाही. "अगं, ही वाम!" मी म्हणाले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाले. शेफने मान वर केली. लेकीने घाईघाईने जपानीत काहीतरी सांगितलं, बहुधा आईची बाजू सावरली.

जपानीत तिला हामो म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या वामच्याच कुळातली. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे वाम यायची, पण पाहुणे असताना नाही. एक तर दिसायला साप. मुंबईहून आलेल्या मंडळींनी टोपलीत बघितली की जेवणाआधीच तोंडं वाकडी. आणि दुसरं, काटे. मधला काटा काढून ठेवता येतो, पण मांसात जागोजागी रुतलेले, टोकाशी फाटे फुटलेले ते बारीक काटे कुणी वेचायचे? आई तिरफळं आणि कोकम घालून दाट तिखलं करायची. चव अशी की सुरमई बाजूला ठेवावी. पण आम्ही मुलं जेवायला बसलो की ती स्वतः जेवायची नाही, आमच्या तोंडांकडे बघत बसायची. कुणी खाकरलं की ताटात कोरड्या भाताचा घट्ट गोळा पडलाच. न चावता गिळ. एकदा, दोनदा, काटा जाईपर्यंत. पोटभर भात त्या नादातच व्हायचा.

इथे काटे काढत नाहीत. कापतात. त्यासाठी सुरी वेगळी, फूटभर पात्याची, हाताला जड. शेफने ती मांसावर टेकवली आणि पुढे ढकलली. जोर हाताचा नाही, सुरीच्या वजनाचा. पातं कातडीपर्यंत गेलं आणि थांबलं. केसभर सरकलं, पुन्हा तेच. जाड मांजरपाट कातरीने कापताना येतो तसा आवाज, जर्र, जर्र, एका लयीत, मध्ये खंड नाही. एका सूनमध्ये, म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटरमध्ये, २४ ते २६ काप पडले की हात तयार झाला असं मानतात. सगळे काटे तुटले पाहिजेत आणि कातडी एकदाही फाटता कामा नये. झाल्यावर त्याने एक तुकडा कातडीकडून उचलून उलटा धरला. मांस पानापानाने सुटलेलं, खाली कातडी अखंड. हे काउंटरवर ओणवे झाले होते. "टॉलरन्स बघ," मला हळूच म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कुठल्याही कंत्राटदाराचं कधी केलेलं मला आठवत नाही.

तुकडा उकळत्या पाण्यात गेला आणि गेल्याबरोबर कातडी आक्रसली, मांस बाहेरच्या बाजूला फुललं, पांढरंशुभ्र. तिथून बर्फाच्या पाण्यात, तिथून बशीत. सोबत खारवलेल्या उमे फळाचा लाल, आंबट गर, बोटाच्या पेराएवढा. मी तोंडात टाकला आणि माझी जीभ आपसूक काटा शोधायला लागली. तुकडा संपला तरी ती शोधतच होती. दुसरा मुद्दाम सावकाश चावला. अगदी हलकी खरखर लागते, ती मांसाची की काट्यांच्या चुऱ्याची हे सांगता येत नाही. बाकी काही नाही. गोडसर, स्वच्छ चव, आणि शेवटी किंचित तेल. तिरफळाची आठवण आली, खोटं कशाला बोलू. पण तिरफळाने काय काय झाकलं जात होतं तेही त्या क्षणी कळलं.

लेकीच्या फोनवर मालवणच्या बाजारातला एक फोटो सापडला, टोपलीत वेटोळं करून ठेवलेली वाम. शेफने हात पुसून फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न केला, वजन किती? चार-पाच किलोची सहज असते म्हटल्यावर तो मागे सरकून हसला. त्यांना हवी असते अर्धा ते पाऊण किलोची; त्याहून मोठी झाली की काटे कडक होतात आणि एवढं कापूनही जिभेला लागतात. मग एवढ्या मोठ्या वामच्या काट्यांचं तुम्ही काय करता, असं त्याने विचारलं. मी भाताच्या गोळ्याचं सांगितलं. लेकीने त्याचं भाषांतर पुरं करायच्या आतच शेजारच्या आजी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. त्यांच्याकडेही हेच. त्यांची आईही भाताचा गोळा गिळायला लावायची. आता म्हणे तिथले डॉक्टर तसं करू नका म्हणून बजावतात, काटा आणखी आत रुततो म्हणून. आपल्याकडचेही तेच सांगतात. पण दोन्हीकडच्या आयांनी डॉक्टरांना विचारलं होतं कधी? त्यानंतर त्या खोलीतली शांतता जरा सैल झाली.

या माशाला क्योतोत एवढा मान का, तर क्योतोला समुद्र नाही. बर्फ आणि गाड्या येण्याआधी इथे ताजा मासा म्हणजे अप्रूपच. उत्तरेच्या ओबामा गावाहून मॅकरेल यायचा तो मीठ लावून, डोंगर ओलांडून, माणसांच्या पाठीवर. दक्षिणेच्या ओसाका उपसागरातून, आवाजी बेटाकडून जिवंत पोचायची ती फक्त ही चिवट हामो, पाण्याबाहेरही तग धरणारी. आणि ती सगळ्यात चविष्ट होते कधी? पावसाळ्याचं पाणी पिऊन, असं तिकडे म्हणतात. तिथला पाऊस जून ते जुलैच्या मध्यापर्यंत. उत्सवाच्या तोंडावर हामो चवीला येते, म्हणून गिओनच्या उत्सवाला लोक हामोचा उत्सवही म्हणतात. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि घरोघरी सुकट, सुके बोंबील. आषाढी होऊन गेली होती, गटारीला अजून अवकाश होता, आणि मी ताजी वाम खात बसले होते. वेंगुर्ल्याला फोन करून सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर झाकणाचा वाडगा आला, आणि शेफच्या मते (लेकीच्या भाषांतरातून) सगळ्या जेवणाचा निवाडा याच वाडग्यावर होतो. काळा लाखेचा वाडगा, झाकणावर बाहेरून बारीक दवाचे थेंब शिंपडलेले. झाकण आत वाफ धरून घट्ट बसलेलं असतं. ओढलं तर निघत नाही. वाडग्याच्या दोन्ही कडा एका हाताने हलक्या दाबायच्या, सुस्कारा सुटल्यासारखं होतं आणि झाकण सुटतं. आत स्वच्छ पाणी. म्हणजे दिसायला पाणीच. त्यात कुझू नावाच्या कंदाच्या पिठीत घोळवून उकडलेला हामोचा दुसरा तुकडा, फुललेला, आणि युझू नावाच्या हिरव्या लिंबाच्या सालीचं नखाएवढं कात्रण. पहिल्या घोटाला मला वाटलं, मीठ विसरले. दुसऱ्या घोटाला मत बदललं. तिसऱ्याला मी वाडगा खाली ठेवायला तयार नव्हते.

या पाण्याला दाशी म्हणतात. कोंबु येतो होक्काइदोच्या टोकाकडच्या रिशिरीहून. जुन्या काळी जहाजं तो जपान समुद्राच्या बाजूने त्सुरुगा बंदरापर्यंत आणत आणि पुढे बिवा सरोवरातून क्योतोत. क्योतोचं पाणी मृदू, त्यात तो चांगला उतरतो. साधारण ६० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, उकळी येऊ द्यायची नाही. मग काढून टाकायचा, पाणी तापवायचं आणि त्यात कात्सुओबुशीचा कीस टाकून लगेच गाळायचं. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा, उकडून, धुरी देऊन, वाळवून, बुरशी चढवून इतका कडक केलेला की रंध्यावर किसावा लागतो. महिनोन्‌महिने वाळवलेला मासा, तो पाण्यात राहतो जेमतेम मिनिटभर. ही चव नेमकी कशाने येते ते किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबुतून वेगळं काढून दाखवलं. हा मूळचा क्योतोचाच. त्याच्या शोधावरून पुढच्याच वर्षी जी भुकटी बाजारात आली ती अजिनोमोटो. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवरून बदनाम झालेली. तिचं माहेर एवढं खानदानी असेल असं मला वाटलं नव्हतं.

बँकेत हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे जेवताना माझ्या डोक्यात एक वही उघडीच होती: पैसे नक्की कशाचे? समोर आलेल्या वस्तू बघा. तळ्यातले कोंब. काटेरी मासा, जो कसलेल्या हाताशिवाय खाताच येत नाही. पाणी. सोन्याचा वर्ख नाही, कॅव्हिअर नाही. पैसे होते ते त्या जर्र-जर्रचे, आणि आठच खुर्च्यांचे, आणि याच आठवड्यात हे, पुढच्या आठवड्यात दुसरं, या शिस्तीचे. मला हे मोल पटलं. हॉटेलांत पैसे बहुतेक वेळा झुंबराचे आणि दारवानाचे जातात.

आयु मासा आला तो जिवंत पोहत असल्यासारखा. नदीचा, वीतभर, सळईवर नागमोडी ओवून मीठ लावून कोळशावर भाजलेला. बिन्चोतानचा कोळसा, धूर नाही, नुसती धग. आयु दगडांवरचं शेवाळ खातो, एकच वर्ष जगतो आणि तो ताजा असताना त्याला काकडीचा वास येतो. (काकडी बंद, पण तिचा वास असलेला मासा चालतो, हे मी शेफला विचारलं नाही.) डोक्यापासून शेपटीपर्यंत, पोटातल्या कडू भागासकट खायचा. सोबत तादे नावाच्या झोंबऱ्या पाल्याचं हिरवं व्हिनेगर. यांनी डोकं कडकडा चावून संपवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी माझंही त्यांच्या बशीत ठेवलं. एकसष्टी होती.

बशीबद्दल दोन शब्द. तो मासा बिझेनच्या खरबरीत, बिनलेपाच्या मातीच्या थाळीत होता, आणि थाळी वाढायच्या आधी पाण्यात भिजवून घेतलेली, त्यामुळे ओलसर गडद दिसत होती. प्रत्येक पदार्थाला वेगळं भांडं, आणि आठही जणांना एकसारखी नव्हेत. किताओजी रोसान्जिन हा विसाव्या शतकातला अवलिया, त्याला आपल्या जेवणघरासाठी मनासारखी भांडी मिळेनात म्हणून स्वतः भट्टी लावून बसला आणि पुढे कुंभार म्हणूनच जास्त गाजला. या नादाची टोकं मला समजतात. माझ्या जावेच्या घरी आमटीला स्टीलची वाटी दिली तर ती जेवत नाही.

पुढचं भरभर सांगते. कामो वांगं आलं, गोल गरगरीत, तळून दाशीत मुरवलेलं. उत्तम, पण चातुर्मासात वांगं खाल्लं हे सासूबाईंच्या फोटोला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. मग थोडं आंबट काहीतरी, ज्याची मला आठवणही नाही.

भात मात्र आठवतो. मातीच्या जाड हंडीत, आमच्या समोर शिजलेला. झाकण काढून आधी सगळ्यांना दाखवला. पहिल्यांदा प्रत्येकाला दोनच घास, शिजला-न शिजलासा, अजून ओला. त्यानंतर हंडी पुन्हा झाकली आणि काही मिनिटांनी मुरलेला भात वाढला, नुसता. बरोबर लाल मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार आणि लोणचं: ओहारा गावचं शिबाझुके, वांग्याचं, लाल शिसोच्या पानांनी जांभळं झालेलं. तळाची खरपुडी मीठ लावून वेगळी दिली. हे इतका वेळ सरळ बसले होते, भात दिसल्यावर खुर्ची पुढे सरकवली. पहिला वाडगा संपला, शेफने भुवई उंचावून विचारलं, यांनी पुढे केला. मग पुन्हा. लेक म्हणाली, "बाबा!" शेजारच्या आजोबांनीही तेव्हाच आपला वाडगा पुढे केला, त्यामुळे ती गप्प झाली. उरलेल्या भाताच्या मुठी वळून, पानात बांधून, शेफने आमच्या हातात दिल्या. सकाळी जावयांनी आणि नातीने त्या खाल्ल्या. जेवणाला न आलेल्यांनाही काही मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

शेवटी पांढऱ्या पीचची फोड आणि माच्चा, म्हणजे भुकटीचा हिरवा चहा. फोड छान होती. एका फोडीबद्दल याहून जास्त लिहिता येत नाही.

बिल लेकीने दिलं, पण मी बघितलं. माणशी ३०,००० येन, त्यावर सेवाशुल्क, त्यावर १० टक्के कर, आणि यांच्या थंड साकेचे वेगळे. आपल्या पैशात माणशी वीस हजारांच्या पुढे. ही पद्धत मुळात चहाच्या समारंभातली. रिकाम्या पोटी दाट चहा बाधू नये म्हणून आधी वाढायचं साधं जेवण, एक सूप आणि तीन पदार्थ. सेन नो रिक्यू, जो १५९१ साली वारला, त्याने ते असं काटकसरीचं करून ठेवलं. त्याला हे बिल दाखवायला हवं होतं. कुणाला जायचं असेल तर दुपारचं जेवण बघा. बऱ्याच ठिकाणी ते निम्म्याच्या आसपास पडतं, भात तोच असतो आणि वाडगाही तोच. जुलैत जमलं तर उत्तम, पण छत्री आणि पंखा दोन्ही घेऊन जा.

हॉटेलवर आल्यावर मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. यांची बहीण जागीच होती. तिने आधी विचारलं, "वीस हजारात चपाती दिली का?" मी लिहिलं, चपाती नसते गं, पण भात हवा तितका, तुझ्या भावाने तीनदा घेतला. दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "म्हणजे एका वाढणीचे सहा हजार सहाशे सहासष्ट."

बँकेत मी होते, पण हिशेब तिचा पक्का.